काल्यो म्हणजे काय?

आमची अक्का पंचवटीतून निघाली ती थेट इटलीत, जिनोआला, लेकीच्या बाळंतपणाला. वय ६८, मराठीखेरीज भाषा येत नाही, आणि चातुर्मासात कांदालसूण वर्ज्य. जावई दिवसभर कामावर, तेव्हा बाजारहाट तिच्याच गळ्यात पडणार. मग शब्दांची यादी करून देण्याचे काम धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्याकडे आले. निवृत्त मास्तरला घरात दुसरे काय काम असते?

शब्दकोश पुढे ठेवून मी वहीची बारा पाने भरली. बटाट्याने त्रास दिला नाही. आपल्याकडे तो पोर्तुगीजांकडून आला, आणि इटलीत तो 'पाताता' आहे, भाऊबंदच म्हणायचे. टोमॅटो मात्र 'पोमोदोरो', म्हणजे सोन्याचे सफरचंद! 'लात्ते' मागितले तर गंगापूर रोडवर कॉफी येते, तिथे नुसते दूध येते. 'पेपेरोनी' पाहून मी दचकलो, कारण आपल्याकडे पिझ्झावर त्या नावाने मांस घालतात; इटलीत ती ढोबळी मिरची निघाली. मीठ म्हणजे 'साले'. हे वाचून आमचे मेहुणे माझ्याकडे बघत उगाचच हसले.

'चेची' म्हणजे काबुली हरभरे. त्यांच्या पिठात पाणी, मीठ नि ऑलिव्हचे तेल घालून जिनोआत भट्टीत 'फरिनाता' भाजतात. अक्काने पहिल्याच आठवड्यात फोनवर निकाल दिला, "अरे, हे आपलं धिरडंच! मिरची तेवढी विसरलेत."

पुढे एक दिवस तिने विचारले, "पार्मिजानो म्हणून चीज आहे. त्यावर तीनच शब्द लिहिलेत. लात्ते, साले कळलं. काल्यो म्हणजे काय?"

कोशात लिहिले होते, दूध गोठवणारा पदार्थ. मी बेधडक सांगितले, "विरजण."

अक्का खूश. ना रंग, ना औषध! ती रोज गरम भातावर किसून घेऊ लागली.

महिन्याभराने दुसरेच काही शोधताना तो शब्द पुन्हा पुढ्यात आला. या चीजसाठी लागणारे काल्यो दूधपित्या वासराच्या जठरातून काढतात. मला घाम फुटला. आमची ही म्हणाली, "सांगू नका. नकळत घडलंय. परदेशात उगीच जिवाला लावून घेतील." चार दिवस मी गप्प राहिलो. पण फोनवर अक्का त्या चीजचे कौतुक करी, आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. पाचव्या दिवशी सांगून टाकले. वनस्पतीचेही काल्यो असते, वेष्टनावर 'वेजेताले' असे पाहून घ्यायचे, हेही सांगितले.

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग तिने लेकीला हाक मारली. "तुला ठाऊक होतं का गं?"

भाची रडवेली झाली. "होतं, आई. पण तू इतकं आवडीनं खात होतीस..."

पुन्हा शांतता. तेवढ्यात बाळ उठले. "त्याला घे आधी," अक्का लेकीला म्हणाली. मग मला म्हणाली, "आज पिठलं टाकते. चेचीचं पीठ आहे घरात. आणि तू तुझ्या वहीत काय लिहिलंयस त्या शब्दापुढं?"

"विरजण."

"खोड ते. मी धरते फोन."