एक टक्का म्हणजे किती?

दिवाळीत फटाक्यांची लांबलचक लड लावली की तिच्यातले काही फटाके न वाजता राहतातच. दुसऱ्या दिवशी सकाळी मुले ते कचऱ्यातून वेचतात. पण न वाजलेला फटाका आणि फुसका फटाका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुसक्यात जीव नसतो, न वाजलेल्यात तो पुरता शिल्लक असतो. विद्यार्थी मित्रहो, हा साधा फरक ध्यानात ठेवून आपण आज एका शस्त्राचा विचार करू. त्याचे नाव क्लस्टर बाँब.

क्लस्टर बाँब म्हणजे एक मोठे पोकळ कवच. विमानातून टाकल्यावर ते हवेतच उघडते आणि आतील शेकडो छोटे बाँब खाली विखुरतात. अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात वापरलेल्या सीबीयू-२४ या प्रकारात टेनिसच्या चेंडूएवढे सहाशेहून अधिक बाँब असत. प्रत्येकाच्या कवचात बारीक पोलादी गोळ्या बसवलेल्या असत. विमानविरोधी तोफांवर मारा करण्यासाठी त्याचा उपयोग होई.

एकच मोठा बाँब का नको? याचे उत्तर भूमितीत आहे. स्फोट तिन्ही मितींत पसरतो. त्यामुळे त्याच्या तडाख्याचा पल्ला दुप्पट करायचा, तर स्फोटक द्रव्य आठपट लागते. आता हेच उलट करा. एका बाँबचे आठ समान भाग केले, तर प्रत्येकाचा पल्ला निम्मा, म्हणून क्षेत्र पाव. पण भाग आठ आहेत, तेव्हा एकूण क्षेत्र आठ गुणिले पाव, म्हणजे पूर्वीच्या दुप्पट! हजार भाग केले तर तेच क्षेत्र दसपट होते. हिशेब बिनचूक आहे, आणि शस्त्र बनवणाऱ्यांना तो मोहात पाडणारा आहे.

मात्र हा हिशेब अर्धाच आहे. बाँबचे हजार भाग केले की फ्यूजही हजार लागतात. फ्यूज म्हणजे बाँबचा स्फोट योग्य क्षणी घडवून आणणारी यंत्रणा. घरातील विजेच्या फ्यूजशी तिचा संबंध नाही. लाओस आणि व्हिएतनाममध्ये टाकलेल्या छोट्या बाँबच्या पृष्ठभागावर उंच कडा होत्या. पडताना हवेमुळे तो भोवऱ्यासारखा गरगर फिरे. पुरेसा वेग आला की केंद्रोत्सारी बलाने फ्यूजमधील अडसर सरकत आणि बाँब सज्ज होई. मग कशावरही आदळला की फुटे. पण कवच फार खाली उघडले तर फिरायला वेळ मिळत नाही. बाँब झाडीत अडकला किंवा चिखलात रुतला तर धक्का पुरेसा बसत नाही. असा बाँब तसाच पडून राहतो. त्यातील स्फोटक द्रव्य अनेक दशके टिकते. फ्यूज मात्र गंजत जातो आणि कोणत्या हालचालीने तो चाळवला जाईल, हे कोणालाच सांगता येत नाही.

लाओसमध्ये नेमके हेच घडले. अमेरिकेने या देशाशी युद्ध पुकारले नव्हते. तरीही १९६४ ते १९७३ या काळात तिच्या विमानांनी तेथे सुमारे ५ लाख ८० हजार उड्डाणे करून २० लाख टनांहून अधिक बाँब टाकले. त्यांत छोटे बाँब होते सुमारे २७ कोटी. त्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत फुटले नाहीत असा अंदाज आहे. म्हणजे सुमारे ८ कोटी जिवंत बाँब भातखाचरांत, रानात आणि गावांत राहिले. त्या वेळी देशाची लोकसंख्या होती सुमारे ३० लाख! लढाई थांबल्यानंतरही तेथे हजारो माणसे या बाँबनी मेली किंवा जायबंदी झाली. कोणी शेत खणत होते, कोणी भंगार गोळा करीत होते. मुलांना तर तो चेंडूच वाटला. तेथील लोक या बाँबला ‘बाँबी’ म्हणतात.

यावर असे म्हटले जाते की ते तंत्र जुने होते, आता न फुटण्याचे प्रमाण एक टक्क्यावर आणता येईल. एक टक्का ऐकायला नगण्य वाटतो. पण टक्केवारी ही नेहमी कशाची तरी असते. ६०० बाँबच्या एक टक्का म्हणजे प्रत्येक कवचामागे ६ आणि २७ कोटींच्या एक टक्का म्हणजे २७ लाख. शिवाय चाचणी बहुधा कठीण, सपाट जमिनीवर होते. युद्ध मात्र चिखलातही होते आणि जंगलातही.

दुसरा युक्तिवाद असा, की शत्रूचे सैन्य मोठे असेल तर लहान देशाने काय करावे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लिथुएनियाने याच भीतीपोटी मार्च २०२५ मध्ये क्लस्टर बाँबवरील बंदीचा करार सोडला. तरीही एक गोष्ट उरते. बचावासाठी हे शस्त्र वापरणारा देश ते स्वतःच्याच भूमीवर टाकतो आणि न फुटलेले बाँब पुढे त्याच्याच शेतकऱ्याच्या नांगराखाली येतात.

हा बंदीचा करार २००८ साली झाला आणि १ ऑगस्ट २०१० पासून अमलात आला. शंभराहून अधिक देश त्यात आहेत. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान त्यात नाहीत आणि भारतही नाही. लढाई संपल्याचे ज्या शस्त्राला कळत नाही ते आपल्या देशाने बाळगू नये, असे आमचे मत आहे. तुमचे मत वेगळे असू शकते, पण ते पुरा हिशेब करून बनवा.

शिक्षकांना एक विनंती. शेकडेवारी शिकवताना नफातोट्याच्या जोडीला हेही एक उदाहरण द्यावे: एका फ्यूजच्या अपयशाची शक्यता एक टक्का असेल, तर ६०० पैकी एकही बाँब न फुटता राहणार नाही याची शक्यता किती? उत्तर हजारात दोन-तीन इतकेच येते. तुमच्या वर्गातील काही जण उद्या अभियंते होतील. क्षेत्र दसपट करणारे गणित त्यांना येईलच. हे दुसरे गणितही यायला हवे.