नर्मदेच्या माशांची खातेवही

आपल्याकडून खेतिया, सेंधव्यावरून इंदूरला जाणारी गाडी खलघाटच्या पुलावर आली की आतली कुजबुज थांबते. खिडक्या सरकतात, हात जोडले जातात आणि नाणी पाण्यात पडतात. दिवाळीनंतर ताईकडे जाताना शेजारच्या आजींनी माझ्याही हातावर रुपया ठेवला. "टाक बाई, मैया आहे." मी टाकला. इंदूरला पोहोचल्यावर ताईने पाण्याचा पेला पुढे केला आणि हसून म्हणाली, "घे, पुन्हा मैयाच!" खरेच आहे ते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून, विंध्याचा चढ चढवून नर्मदेचे पाणी १९७८ पासून इंदूरला येते आहे. नदी शहरापर्यंत चढून आली. नदीतल्या माशांना मात्र आता वर चढता येत नाही. हा विषय माझ्या डोक्यात घातला तो ताईच्या मुलाने.

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्री जेवणे झाल्यावर बघते तर स्वारी कॉम्प्युटरपुढे बसून माशांचा हिशेब करत होती. "मावशी, हा सामन मासा," तो म्हणाला. (आपल्या बाजारात 'इंडियन सामन' म्हणून मिळतो तो रावस. त्याचे या माशाशी नाव सोडून काही नाते नाही.) अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा सामन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परततो. कोलंबिया आणि तिला मिळणारी स्नेक या नद्यांवर विसाव्या शतकात मोठमोठी धरणे झाली. स्नेक नदीच्या वरच्या भागात जन्मलेल्या पिलाला समुद्र गाठायला आठ धरणे पार करावी लागतात.

भाच्याने मला एक साधा गुणाकार करून दाखवला. समजा, प्रत्येक धरणापाशी शंभरातली पंच्याण्णव पिले वाचतात. ऐकायला किती छान! पण आठ धरणे ओलांडेपर्यंत उरतात सहासष्ट. नव्वद वाचतात असे धरले, तर उरतात त्रेचाळीस. म्हणजे एकेका ठिकाणचा किरकोळ तोटा साखळीत केवढा होतो बघा. मॉडेल, मॉडेल म्हणतात ते मुळात हेच. अंडे, पिलू, समुद्रातला मासा, परतणारा मासा, अशा प्रत्येक टप्प्यावर किती जगतात हे मांडायचे आणि मग विचारायचे, इथे पाणी थोडे जास्त सोडले तर? तिथला ओढा दुरुस्त केला तर? मी अर्थशास्त्र शिकवते. मला ती घरखर्चाची वहीच वाटली. गळती नेमकी कुठे आहे, ते जमाखर्च मांडल्याशिवाय कळत नाही.

पण वहीतही खोट असू शकते. १९९०च्या दशकात त्याच नद्यांवर दोन गटांची दोन मॉडेले होती. एकाचे उत्तर असे, की पिले बोटीत भरून धरणांच्या खाली नेऊन सोडा, भागेल. दुसऱ्याचे उत्तर, भागणार नाही, स्नेकवरची धरणेच फोडावी लागतील. बेरीज-वजाबाकी दोघांचीही बरोबर होती. फरक होता एका गृहीतात. बोटीतून नेलेली पिले पुढे समुद्रात किती मरतात, हे नक्की कोणाला ठाऊक नव्हते आणि दोघांनी ते वेगवेगळे धरले होते. तेव्हा भांडण कॉम्प्युटरचे नव्हते, न मोजलेल्या गोष्टीचे होते. म्हणून तिथे मोजण्यावर भर आला. तांदळाच्या दाण्याएवढी खूण पिलाच्या पोटात बसवतात आणि धरणातून जाताना यंत्र ती वाचते. अशा लक्षावधी पिलांच्या नोंदी आज आहेत.

"मग आपल्या नर्मदेचं कर की!" मी सहज म्हटले. भाचा म्हणाला, "तेच करत होतो, मावशी. अडलंय."

नर्मदेचा मानाचा मासा म्हणजे महाशीर. निमाडात त्याला बाडस म्हणतात, आपल्या सह्याद्रीकडे त्याचा भाऊबंद खडस. मोठ्या खवल्यांचा, ताकदीचा मासा. तो समुद्रात जात नाही. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ, उथळ, गोट्यांच्या पाण्यात अंडी घालतो. अंडी तळाशी गोट्यांत बसतात, त्यांना वाहते पाणी आणि प्राणवायू लागतो. साठ वर्षांपूर्वी नर्मदेतल्या मासळीत पाव हिश्श्याहून अधिक महाशीर असे. मग बर्गी (१९९०), इंदिरा सागर (२००५), ओंकारेश्वर (२००७) आणि खाली सरदार सरोवर ही धरणे झाली. भिंतींनी वाट अडवली, वाहत्या नदीचे तलाव झाले, गोट्यांवर गाळ बसला. २०११ मध्ये मध्य प्रदेशाने महाशीरला राज्यमासा केले. म्हणजे मासा दुर्मिळ झाला तेव्हा त्याला मान मिळाला. आपल्याकडे बऱ्याच गोष्टींचे असेच होते.

बडवाहच्या वनविभागात महाशीरची पैदास करण्याचे प्रयत्न झाले, ते स्वागतार्हच आहेत. पण पिले सोडली की काम झाले असे नाही. याचा धडा आपल्याच मराठी मुलखाने दिला आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महाशीरची पैदास केली आणि लाखो पिले देशभर गेली. हेतू उत्तमच होता. त्यातला आपला दख्खनी महाशीर कावेरीत सोडला गेला. तो तिथे असा फोफावला की कावेरीचा स्वतःचा कुबड्या महाशीर मागे पडला आणि २०१८ मध्ये नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या जातींच्या जागतिक यादीत गेला. सोडण्याआधी "पुढे काय होईल?" हा प्रश्न कागदावर मांडला असता, तर? मॉडेलचा खरा उपयोग हा. चूक नदीत करण्याऐवजी कागदावर करून बघायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही महेश्वरला गेलो. अहिल्यादेवींच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकल्या आणि एका म्हाताऱ्या नावाड्याला बोलते केले. तो म्हणाला, "पूर्वी पाणी महिन्यांनी चढायचं-उतरायचं. आता वरून वीज करतात तसं दिवसात चढतं-उतरतं. सकाळी जिथं पाणी, तिथं दुपारी कोरडे गोटे. बाडस अंडी घालणार कुठे?" कुठल्या कुंडात पूर्वी बाडस दिसे, कोणत्या नक्षत्रात दिसे, सगळे त्याला पाठ होते. भाचा खिशातली वही काढून भराभर लिहून घेत होता. परतताना म्हणाला, "मावशी, मला हवे होते ते आकडे या बाबाच्या डोक्यात आहेत. आणि त्याचा मुलगा इंदूरला रिक्षा चालवतो."

वाचकहो, हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसले. अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ मध्ये पाडून झाली आणि त्याच वर्षी सामन वरच्या पाण्यात पोहोचले. आपण तसे करू शकत नाही. ताईच्या नळाचे काय, शेतांचे काय, विजेचे काय? पण धरण ठेवूनही विचारण्यासारखे प्रश्न आहेत. अंडी घालण्याच्या चार-सहा आठवड्यांत पाणी एकसारखे सोडले तर वीज किती कमी होईल आणि पिले किती वाढतील? नर्मदेला मिळणाऱ्या कोणत्या उपनद्या अजून मोकळ्या आहेत, ज्या आधी जपायला हव्यात? याची उत्तरे काढायला इंदूरला होळकर सायन्स कॉलेज आहे, आयआयटी आहे. हुशार मुले तर घरोघरी आहेत. नाहीत ते आकडे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि सामनचे आकडे बाडसला उसने देता येत नाहीत.

आपला जिल्हा यात बघ्या नाही. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा येते ती अवघी चोपन्न किलोमीटर, आणि ती सगळी आपल्या अक्कलकुवा-अक्राणीच्या उशाशी. तिथली गावे सरदार सरोवरात बुडाली. ज्यांची शेते पाण्याखाली गेली, तेच आदिवासी बांधव आज त्या पाण्यात जाळी टाकतात. त्यांच्या सहकारी संस्था आहेत, मासळी तोलली जाते, वहीत वजन चढते. त्या वहीत एक रकाना वाढवता येईल का? बाडस मिळाला तर कोणत्या महिन्यात, कोणत्या गावापाशी, किती वजनाचा, पोटात गाभोळी होती की नाही. आपल्या कॉलेजातल्या मुलांनी आठवड्यातून एकदा जाऊन तो रकाना उतरवून आणायचा. यंदा मी माझ्या वर्गापुढे ही गोष्ट ठेवणार आहे. नदीकाठच्या म्हाताऱ्यांच्या आठवणीही त्याच वहीत याव्यात, ते आहेत तोवर.

परतताना पुन्हा खलघाट आला. नाणी पडली, हात जोडले गेले. मीही नमस्कार केला. नाणे मात्र या वेळी पर्समध्येच ठेवले. त्यात थोडे घालून एक चांगली जाड वही घ्यायची आहे.