दगड जागेवरच राहू द्या

रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणाऱ्या आपणांस चुनखडीची फर्शी परिचयाची आहे. या परिसरातील हा दगड सुमारे १०० कोटी वर्षे वा त्याहूनही जुना आहे. तो घडला तेव्हा पाठीचा कणा असलेला एकही प्राणी पृथ्वीवर नव्हता. त्यामुळे साप-सरड्यांचे अवशेष शोधायचे तर पुष्कळ अलीकडच्या खडकांकडे वळावे लागते.

विदर्भातील पिसदुरा हे असेच एक ठिकाण. तेथे मिळालेल्या मणक्यांवरून २०११ साली सापाच्या एका नव्या जातीला त्या गावाचे नाव मिळाले. गुजरातमधील धोली डुंगरी येथील शोध मात्र अधिक बोलका आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांनी १९८७ साली तेथील एका दगडातील अंडी व हाडे डायनासोरची असल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. २००१ साली अमेरिकेतील संशोधक जेफ्री विल्सन यांना त्याच दगडात सापाचे मणके दिसले. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला तो साप सुमारे साडेतीन मीटर लांबीचा होता. शेजारीच डायनासोरचे पिल्लू होते. सुमारे ६.७ कोटी वर्षांपूर्वीचा तो प्रसंग २०१० साली जगापुढे आला.

हाडे कोणी हौसेने सुटी करून घरी नेली असती, तर साप कदाचित ओळखता आला असता. परंतु तो घरट्यात शिरला होता, हे कधीच कळले नसते. जीवाश्माचे निम्मे ज्ञान हाडात असते, तर निम्मे त्याच्या जागेत आणि शेजारात.

चुनखडीच्या भेगांविषयी हे विशेष खरे आहे. पावसाच्या पाण्याने चुनखडी विरघळते, भेगा रुंदावतात आणि लहान प्राण्यांची हाडे गाळासह त्यांत साचतात. भेग कोणती, हे ठाऊक नसेल तर हाडांचे वय ठरविणे कठीण होते. इंग्लंडमधील एका खाणीतल्या अशाच भेगेतील हाडे १९५३ साली गोळा करण्यात आली. पुढे ती लंडनच्या संग्रहालयात राहिली. २०२२ साली काही संशोधकांनी तो प्राणी सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा सरडा असल्याचे प्रतिपादन केले. इतरांना ते मान्य नाही. तथापि, नोंदीसह हाडे जपलेली असल्यामुळेच हा वाद पुराव्याच्या आधारे चालू शकतो.

कोणी म्हणेल, दगड तसाच ठेवला तर पाऊस किंवा खाणकाम त्याचा नाश करील. ही शंका रास्त आहे. पण दगड घरी नेणे हा त्यावरील उपाय नव्हे. जागेचे छायाचित्र घ्यावे, गाव व तारीख लिहून ठेवावी आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास वा जवळच्या महाविद्यालयास कळवावे. आपल्याच छत्तीसगडमध्ये मनेंद्रगढजवळ, हसदेव नदीच्या काठी, प्राचीन सागरी जीवांचे अवशेष जागेवरच जपले आहेत.

आज आपणांस जे ओळखता येत नाही, ते उद्याच्या अभ्यासकाला ओळखता येईल. त्याच्यासाठी तो दगड जागेवर राहू देणे, हे आपले कर्तव्य होय.