संगणकाच्या पडद्याला कडी

सोयाबीनच्या पीकविम्याचे अर्ज भरायचे दिवस आले की लोहा, कंधार, अहमदपूर, चाकूर भागातल्या सेवा केंद्रांपुढे रांग लागते. संगणक चालवणारा पोरगा मध्येच चहाला उठतो. पडद्यावर कोणाचा तरी सातबारा, आधार, बँकेचे पासबुक तसेच उघडे, आणि टेबलाभोवती दहा माणसे! लातूरला शिकणाऱ्या मुलीसाठी घरात घेतलेल्या संगणकाचीही हीच गत. शेतावर जाताना आपण दाराला कडी घालतो, इथे का नको?

विंडोजच्या संगणकाला चार चौकटींची खिडकी काढलेली एक कळ असते. ती धरून एल दाबा. पडदा बंद होतो, आतले काम जसेच्या तसे राहते. मात्र लाइट गेली तर न साठवलेला अर्ज गेलाच समजा. आपल्याकडच्या विजेचा भरवसा किती हे काय सांगावे! आधी सेव्ह करा, मग उठा.

उठताना विसर पडतोच, म्हणून वेळ लावून ठेवावी. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन असे जा. तिथे स्क्रीन सेव्हर सापडेल. जुन्या फुगीर काचेच्या पडद्यावर एकच चित्र फार काळ राहिले तर डाग पडे, म्हणून ही सोय निघाली. आज ती पहाऱ्याला कामी येते. यादीतला एक प्रकार निवडा, मिनिटांच्या खान्यात 3 किंवा 5 घाला आणि ‘ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन’ या चौकटीत खूण करा. ही खूण राहून गेली तर चित्र नुसते नाचते आणि माऊस हलवताच दार सताड उघडे.

आता हौसेचा भाग. या कुलपावर आपल्या आवडीचे चित्र लावता येते. कोणी माळेगावचा खंडोबा लावतो, कोणी बैलजोडी. जरूर लावा, पण ‘पिक्चर’ निवडा. ‘स्लाइडशो’ एका फोल्डरातली सगळी चित्रे ओळीने दाखवत सुटतो, आणि स्कॅन केलेली आधार कार्डे, पासबुके पुष्कळदा त्याच पिक्चर्स फोल्डरात पडलेली असतात. म्हणजे दाराला कुलूप आणि दागिने मात्र ओसरीवर मांडलेले! स्लाइडशोची फारच हौस असेल तर सणावाराच्या फोटोंचा वेगळा फोल्डर करून तेवढाच दाखवा. बंद पडद्यावर निरोप उमटणेही सिस्टिममधल्या नोटिफिकेशन्समध्ये जाऊन थांबवता येते.

पिन म्हणून जन्मसाल किंवा मोबाइलचे शेवटचे चार आकडे नकोत. पासवर्डला बैलाचे नावही नको, ते साऱ्या गावाला पाठ असते. पिनची चिठ्ठी पडद्याला चिकटवलेली मी पाहिली आहे. तिथे कुलूप नसते तरी चालले असते.

आणि बरोबर पासवर्ड घालूनही दार उघडेना, तर घाबरू नका. मराठी टंकलेखन चालू राहिले असेल. खाली उजव्या कोपऱ्यातली भाषा बदलून इंग्रजी करा आणि पुन्हा घालून पाहा.