टिंब आणि रेघ सांभाळा, धंदा सांभाळला जाईल

इंग्रजीत म्हणतात, 'डॉट द आयज अँड क्रॉस द टीज'. म्हणजे 'आय'वरचं टिंब आणि 'टी'वरची आडवी रेघसुद्धा राहू द्यायची नाही, काम बारकाव्यांसकट चोख करायचं. आपल्याकडे 'काना-मात्रेचाही फरक नको' म्हणतात ना, तसंच.

हल्ली बरेच जण हे वाक्य कंपनी प्रोफाइलमध्ये टाकतात. माझं स्पष्ट मत आहे: ते प्रोफाइलमध्ये लिहू नका, बिलात दाखवा.

जीएसटी नंबर 15 अक्षर-अंकांचा असतो. तुमच्याकडून माल घेणाऱ्या दुकानदाराच्या नंबरात एक अक्षर चुकलं, की त्याचं इनपुट क्रेडिट अडकतं. पुढची ऑर्डर देताना तो दहादा विचार करणार. मसाल्याच्या पाकिटावर 14 अंकी एफएसएसएआय नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख यातलं काही राहिलं, तर चव कितीही भारी असो, चोख दुकानदार ते पाकीट ठेवणारच नाही.

मोठ्या कंपनीत हे तपासायला वेगळा माणूस असतो. आपल्याकडे तो माणूस आपणच! म्हणून माल निघण्याआधी बिल आणि लेबल एकदा मोठ्याने वाचा. दोन मिनिटं लागतात.

सुरुवात आजच्या शेवटच्या बिलापासून करा.