जुन्या घरावर कुणाकुणाच्या सह्या?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने केली, त्याच्या डोळ्यांपुढे मोकळी जागा असावी. दुसऱ्याचे पडत आलेले घर विकत घेऊन त्यात पहिला संसार मांडावा, हे त्याच्या हिशेबात नव्हते. आज मात्र लहान गावांतल्या कितीतरी तरुण जोडप्यांपुढे हाच मार्ग उरतो. नवे बांधकाम खिशाला झेपत नाही आणि जुन्या वस्तीतली घरे कुलपे लावून उभी असतात, कारण घरची मुले नोकरीसाठी शहरात गेलेली असतात.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, उमरखेड तालुक्यातले ढाणकी घ्या. पैनगंगेच्या अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. समजा, इथे तो एका दुकानात हिशेब लिहितो, ती खासगी शाळेत शिकवते. दोघांनी एक घर पाहिले. मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, वर माळवद. चार पावसाळे त्या माळवदावर कुणी चढलेले नाही. किंमत ऐकून दोघांचे डोळे लकाकतात. जपून पावले टाकायची ती इथून पुढे.

पहिली काळजी अर्थातच जिवाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे स्वतःच्याच घराखाली गाडली गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर्षानुवर्षे थर चढवत गेल्यामुळे जड झालेली माळवदे हे त्याचे मोठे कारण होते. ही गोष्ट ढाणकीपासून फार दूरची नाही. २१ मार्च २०२४ रोजी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. म्हणून जुने घर घेणाऱ्याने आधी जाणत्या अभियंत्याला आणि गावच्या सुताराला बरोबर न्यावे. तुळईची टोके भिंतीत कुजली आहेत का, खांबाला वाळवी आहे का, पायाला ओल आहे का, हे पाहावे. किल्लारीनंतर तज्ज्ञांनी सांगितलेले उपाय साधेच आहेत: माळवदावरची जादा माती उतरवावी, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरके आधार द्यावेत, दगडी भिंतीत आरपार जाणारे लांब दगड बसवावेत. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र मानवत नाही. ओल आतच कोंडते.

भिंतीचा दोष निदान दिसतो तरी. कागदाचा दोष दिसत नाही. गावठाणातल्या घराला सात-बारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीचा उतारा, तो मालकीचा पुरावा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले, ते यासाठीच. पण पत्रिका मिळाली तरी एक प्रश्न राहतोच: हे घर विकण्याचा अधिकार नेमका कुणाकुणाचा?

बँकेच्या नोकरीत माझ्या टेबलावर आलेली अशी कितीतरी प्रकरणे आठवतात. इसार दिलेला, दोन्ही भाऊ सहीला तयार, आणि वकिलाच्या शोध अहवालात एक ओळ निघे: विक्रेत्यांना एक विवाहित बहीण आहे. ‘तिचं काय, ती तिच्या घरी सुखात आहे,’ हे उत्तर ठरलेले. कायदा तसे म्हणत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण तो तोवर लग्न न झालेल्यांना. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित मुलींनाही मिळाला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातला उरलेला संदिग्धपणा दूर केला. बहिणीची सही, किंवा तिने राजीखुशीने करून दिलेले नोंदणीकृत हक्कसोडपत्र, यांच्याशिवाय घेतलेले घर म्हणजे वाळवी लागलेली तुळई. आज उभी आहे एवढेच.

विकणाऱ्यांच्या बाजूला जी सही राहून जाते, तीच घेणाऱ्यांच्या बाजूलाही राहते, याकडे आपले लक्ष जात नाही. कर्जाच्या कागदांवर सहकर्जदार म्हणून बायकोची सही बँका आवर्जून घेतात. खरेदीखतावर मात्र एकट्या नवऱ्याचे नाव. नव्या घरात हे खपून जाते. पडक्या घरात ते अधिक बोचते, कारण इथे खरा खर्च खरेदीनंतर सुरू होतो. मातीच्या बांधकामाची बँक फारशी किंमत धरत नाही. सरकारचा हातही आखडताच: प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत राहत्या घराच्या खरेदीच्या कर्जावरील व्याजाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, दुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाला फक्त तीस हजार. मग सुताराची आणि गवंड्याची मजुरी येते कुठून? पगारातून, भिशीतून आणि बहुतेक वेळा तिच्या बांगड्यांतून. त्या पैशाची कुठेही नोंद नसते.

केवळ महिलेच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत महाराष्ट्रात २०२१ पासून आहे. दोघांच्या नावावर घेतल्यास ती मिळत नाही. तरीही दोन नावे असावीत, असेच मी म्हणेन. घर एकट्या तिच्या नावावर करायला नवरा राजी असेल तर दुधात साखर. पण तिचे नावच नाही, असे होता कामा नये.

असे घर घेणाऱ्या पोरांना कुणी वेड्यात काढू नये. पिढ्यान् पिढ्या टिकलेले सागवान आणि उन्हाळ्यातही गार राहणाऱ्या भिंती ही काही किरकोळ मिळकत नव्हे. गळती थांबवता येते, तुळई बदलता येते. राहून गेलेली सही मात्र पुढच्या पिढीला कोर्टात उभी करते. म्हणून नव्या घराचा उंबरठा ओलांडण्याआधी दुय्यम निबंधकाच्या कचेरीचा उंबरठा दोघांनी मिळून ओलांडावा, आणि विकणाऱ्यांच्या रांगेत त्यांची बहीणही उभी आहे ना, हे पाहूनच पेन उघडावे.