मोबदल्याच्या पैशातून गाळा घेण्याआधी

या पानावर एरवी बियाणे, खते आणि फवारणीच्या गोष्टी असतात. आज विषय दुकानाच्या गाळ्याचा आहे. समृद्धी महामार्गात मेहकर, सिंदखेड राजा भागातल्या ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या खात्यावर मोठी रक्कम आली. कुणी दुसरीकडे रान घेतले, कुणी घर बांधले, कुणी तालुक्याला गाळा घेऊन ठेवला. ५ जून २०२५ ला समृद्धीचा शेवटचा टप्पाही खुला झाला. पण जमिनी जायच्या थांबलेल्या नाहीत. कुठे तलावात जातात, कुठे बायपासमध्ये. मोबदला जमा झाल्याची खबर घरच्या माणसांआधी दलालाला लागते आणि तो दारात येऊन म्हणतो, "भाऊ, शेतीत काय राहिलंय? गाळा घ्या, घरबसल्या भाडं खा."

आमचे मत असे की गाळा वाईट नाही, पण गाळा म्हणजे जमीन नव्हे. जमीन एखादे वर्ष पडीक राहिली तरी पुढच्या पावसात पुन्हा पिकते. गाळ्याचे पीक एकच, भाडे. भाडेकरू नसेल तर घरपट्टी, वीजबिलाचा स्थिर आकार आणि शटरचा गंज एवढेच पदरात पडते. म्हणून गाळ्याची किंमत चौरस फुटावर ठरवू नका, भाड्यावर ठरवा.

हिशेब करून पाहू. समजा गाळ्याची किंमत २५ लाख सांगितली आणि भाडे महिना ९ हजार. वर्षाचे झाले १ लाख ८ हजार. दोन महिने रिकामे धरले की ९० हजार राहतात. घरपट्टी आणि किरकोळ दुरुस्तीचे १० हजार काढा, हातात ८० हजार. २५ लाखांवर हे शेकडा ३ रुपये २० पैसे पडले. खरेदीखताचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी तर अजून धरलेलीच नाही. हीच रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवली तरी यापेक्षा जास्त व्याज येते. आता उलट्या बाजूने मांडा. निव्वळ ८० हजार देणारा गाळा शेकडा ८ ने पडायचा असेल तर तो १० लाखांना मिळायला पाहिजे. दलाल म्हणेल, किंमत वाढते की! वाढत असेलही. पण उद्या तुमच्याकडून घेणारा माणूस हाच हिशेब घेऊन बसणार आहे. शिवाय शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, भाड्यावर आहे. घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यात ३० टक्के सूट मिळते, बाकी रक्कम उत्पन्नात धरली जाते. घरात नोकरदार मुलगा असेल आणि गाळा त्याच्या नावे घेणार असाल तर हे आधी पाहून घ्या.

"रस्ता जवळ आहे" हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. समृद्धीला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. गाडी फक्त इंटरचेंजवर खाली उतरते. तुमच्या गाळ्यापासून महामार्ग दोन फर्लांगांवर असला आणि इंटरचेंज बारा किलोमीटरवर असला, तर त्या गाड्यांचा नुसता आवाज ऐकू येईल, गिऱ्हाईक येणार नाही. जुन्या रस्त्यावरच्या चौकातला, एस.टी. स्टँडजवळचा किंवा बाजार समितीच्या वाटेवरचा साधा गाळा त्यापेक्षा बरा.

विहिरीचे पाणी आपण मे महिन्यात बघतो. गाळा दाखवणारा मात्र दिवाळीच्या तोंडावर दाखवतो, कारण तेव्हा सोयाबीनचा पैसा बाजारात फिरत असतो. तुम्ही श्रावणात जा, आठवडी बाजार नसेल त्या दिवशी, दुपारी. ओळीतली किती शटर खाली आहेत ते मोजा. वरच्या मजल्यावर जाऊन या. तालुक्याच्या गावात जिना चढून खरेदी करणारा माणूस कमीच. शेजारच्या दुकानदाराकडे एक चहा घ्या आणि भाडे किती, कधीपासून, मागचा भाडेकरू का गेला, एवढे विचारा. दलालाच्या छापील कागदावर यातले काही नसते.

कागदांत मंजूर नकाशा, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे. नकाशात तो गाळा दुकान म्हणूनच दाखवला आहे ना, की पार्किंगच्या जागेला शटर लावले आहे, हे नगरपरिषदेत जाऊन पाहावे. बांधकाम चालू असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठपर्यंत गाळ्यांचे प्रकल्प या नोंदणीतून सुटतात, आणि आपल्याकडची बरीचशी छोटी संकुले त्यातच बसतात. म्हणजे तिथे डोळे जास्त उघडे ठेवायचे. नोंदणी असलेल्या प्रकल्पात बिल्डरला नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. किंमत चटई क्षेत्रावर विचारा, जिन्याचा आणि गॅलरीचा वाटा त्यात नको. "दोन वर्षे भाड्याची हमी" असे कुणी म्हणाले तर ते भाडे तुमच्याच किमतीतून परत येत नाही ना, याचा विचार करावा.

आता भाडेकरू. पाव्हण्यातला आहे, ओळखीचा आहे म्हणून तोंडी व्यवहार होतो. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसली तर वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूच्या अटी खऱ्या धरल्या जातात. खर्च काही फार नाही. ९ हजार भाडे, ३६ महिने, ५० हजार परत करायची अनामत, अशा लिव्ह अँड लायसन्स करारावर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क साडेआठशेच्या आसपास बसते. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये. घर अशा कराराने दिले असेल तर मुदतीनंतर ताब्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. दुकानाला ती सोय नाही, तिथे कोर्टाचीच पायरी. म्हणून दरवर्षीची भाडेवाढ, नोटिशीचा काळ, वीजबिल कुणाच्या नावावर, पोटभाडेकरू ठेवायचा की नाही, हे पहिल्या दिवशीच लिहून घ्यावे.

आमच्या खात्याशी संबंध येतो तो कृषी सेवा केंद्राचा. गाळ्याला हा भाडेकरू चांगला, कारण बियाणे, खते, कीटकनाशके यांच्या परवान्यात विक्रीची जागा नमूद असते. जागा बदलायची तर परवान्यात बदल करावा लागतो, त्यामुळे तो सहसा लवकर हलत नाही. पण त्याचा धंदा जून-जुलै आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकवटतो, बराचसा माल उधारीवर जातो. एप्रिल-मे मध्ये भाडे तुंबू शकते, तेव्हा अनामत त्या बेताची घ्यावी. कीटकनाशके इतर मालापासून वेगळ्या खोलीत किंवा कुलुपाच्या कपाटात ठेवण्याचा नियम आहे. एकाच गाळ्याच्या मधे पत्रा मारून एका बाजूला औषधे आणि दुसऱ्या बाजूला भजी-चहाचे हॉटेल, असा भाडेकरू ठेवू नका. परवान्यासाठी तो जागेचे संमतिपत्र मागायला आला तर आधी करार नोंदवा, मग सही करा. आमच्या डिप्लोमाच्या पोरांनीही स्वतःचे केंद्र टाकताना हाच क्रम पाळावा. गाळामालकाचा तोंडी शब्द परवान्याच्या फायलीत लावता येत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी (म्हणजे आपले जुने ग्रामसेवक) थोडे. पंचायतीचे व्यापारी गाळे बांधण्याची हौस सगळीकडे आहे. बांधण्याआधी गावात भाडे देऊ शकणारे दुकानदार किती, याची यादी करा. पन्नास उंबऱ्यांच्या वाडीत दहा गाळे उभारून त्यात कडबा भरायची वेळ येऊ नये. तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने गाळा द्यायचा तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, नाहीतर तो व्यवहारच ग्राह्य धरला जात नाही. लिलाव जाहीर करा, भाऊबंदकीत वाटू नका. जुन्या भाड्याने वर्षानुवर्षे बसलेल्यांची मुदत तपासा. आणि अनामत वेगळी ठेवा. ती परत द्यायची असते. गटारीच्या कामात खर्च झाली तर गाळा रिकामा होताना भाडेकरूला द्यायला पंचायतीकडे काही नसते, आणि तो किल्ली देत नाही.